जुना मायक्रोप्रोसेसर कसा वाचावा

माळ्यावर टाकलेला संगणक, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निर्लेखित झालेले इंटेलच्या ८०८५ या चिपचे सराव-किट किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानातला सुट्या चिपांचा डबा, अशा ठिकाणी सापडणारा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे आदेश पाळून आकडेमोड करणारी संगणकाची मुख्य चिप, बहुधा किलोच्या भावाने भंगारात जातो. त्याच्या पाठीवर दोन-चार ओळी छापलेल्या असतात. तो कोणी बनवला, कधी बनवला, मूळ आराखडा कोणाचा, किती वेगाला तो तपासून विकला गेला आणि क्वचित त्यात कोणता दोष आहे, हे सारे त्या ओळींत असते. मायक्रोप्रोसेसरचा इतिहास आपल्याकडे सनावळीच्या रूपात शिकवला जातो: इंटेल कंपनीचा १९७१ मध्ये ४००४, १९७४ मध्ये ८०८०, १९७८ मध्ये ८०८६. ही सनावळी परीक्षेपुरती पाठ होते. परंतु पिना, म्हणजे चिपचे धातूचे पाय, चाळीसच का, नावापुढे ‘-२’ कशासाठी, एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर इंटेलचे नाव कसे, या प्रश्नांना तिच्यात उत्तर नसते. चिपवरील जवळजवळ प्रत्येक खूण त्या त्या काळातील एखाद्या तांत्रिक, व्यापारी किंवा कायदेशीर अडचणीतून आलेली आहे. त्यामुळे खुणा वाचण्याची रीत ठाऊक असली, की हातातली चिप या इतिहासात कोठे बसते, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

चिप वाचण्याजोगी करणे

संगणक बंद करून, वायर काढून आणि चेसिसच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत उतरवावी, मगच मदरबोर्डला हात घालावा. सॉकेटमधील ४० पिनांची चिप एका टोकाने उचकटली तर दुसऱ्या टोकाच्या पिना वाकतात आणि सरळ करताना मोडतात. म्हणून पातळ स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही टोकांना आळीपाळीने घालून ती थोडी थोडी उचलावी. बोर्डाला डाग दिलेली चिप काढण्याच्या भानगडीत पडू नये, ती जागेवरच वाचता येते. नंतरच्या काळातील प्रोसेसरवर पंखा आणि त्याखाली राखाडी थर्मल पेस्ट असते. ती सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी. कोणत्याही परिस्थितीत पात्याने खरवडू नये, कारण जुन्या चिपांवरील अक्षरे शाईने छापलेली असतात आणि शाई गेली की पुरावा गेला.

अक्षरे पुसट असतील तर खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा, चिपच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकावा. समोरून न दिसणारी अक्षरे अशा प्रकाशात उठून दिसतात. मोबाइलने त्याच अवस्थेत छायाचित्र काढून ठेवले तर पुढचे सर्व काम चिप न हाताळता करता येते. मागची बाजू पाहण्यास विसरू नये. निर्मितीच्या देशाचे नाव, विशेषतः मलेशिया किंवा फिलिपिन्स, बऱ्याचदा तेथे असते. सिलिकॉनची चकती अमेरिकेत बनवून ती आवरणात बसवण्याचे काम आग्नेय आशियात करण्याची पद्धत १९७०च्या दशकातच रूढ झाली होती, म्हणून अमेरिकन कंपनीच्या चिपवर मलेशियाचे नाव दिसले तर ती नकली आहे असे समजण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट मोजावी ती पिना

नाव वाचण्यापूर्वी पिना मोजाव्यात, कारण छापलेले नाव खोटे असू शकते, पिनांची संख्या सहसा खोटी नसते. शिवाय पहिल्या वीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पिनांच्या टंचाईचा इतिहास आहे.

इंटेलने १५ नोव्हेंबर १९७१ रोजी जाहीर केलेला ४००४ केवळ १६ पिनांचा होता. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी टेड हॉफ आणि स्टॅन मेझर यांनी त्याची मूळ कल्पना मांडली. फेदेरिको फाजिन यांनी बिझिकॉमचे अभियंता मासातोशी शिमा यांच्या साहाय्याने ती २,३०० ट्रान्झिस्टरांत प्रत्यक्षात उतरवली आणि सिलिकॉनच्या कोपऱ्यात स्वतःच्या नावाची आद्याक्षरे कोरली. त्या वेळी इंटेलचा मुख्य धंदा मेमरी चिपांचा होता आणि १६ पिनांचे आवरण तिच्या सवयीचे व स्वस्त होते. परिणामी मेमरीतील जागा सांगणारा १२ बिटांचा पत्ता एकदम बाहेर पाठवण्यास जागाच नव्हती. तो चार-चार बिटांच्या तीन हप्त्यांत, त्याच चार तारांवरून पाठवावा लागे आणि त्याच तारांवरून नंतर आदेश आत येई. एका साध्या आदेशाला क्लॉकचे, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या घड्याळाचे, आठ ठोके लागत, ते या काटकसरीमुळे. पुढच्या वर्षीच्या ८००८ ला १८ पिना मिळाल्या, तरी आठ बिटांचा प्रोसेसर १८ पिनांत बसवताना हीच ओढाताण झाली आणि तारांवरील मजकूर वेगळा करण्यासाठी भोवती चिपांचा मोठा ताफा बसवावा लागला.

१९७४ च्या ८०८० ला ४० पिना मिळाल्या आणि हा प्रश्न काही काळ मिटला: पत्त्याच्या १६ तारा वेगळ्या, डेटाच्या ८ वेगळ्या. अल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीने जानेवारी १९७५ मध्ये गाजवलेला अल्टेअर ८८०० हा संगणक याच चिपवर उभा होता. मात्र ८०८० ला +५, -५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागत आणि क्लॉक व नियंत्रणासाठी दोन सोबती चिपा लागत. १९७६ मध्ये आलेल्या ८०८५ च्या नावातील ५ हा आकडा ‘आता फक्त ५ व्होल्ट पुरे’ हे सांगणारा आहे. क्लॉक आणि नियंत्रण त्याच्या पोटात आले, परंतु चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या नव्या इंटरप्ट वाहिन्यांसाठी पिना हव्या होत्या, म्हणून पत्त्याच्या खालच्या आठ तारा आणि डेटाच्या आठ तारा पुन्हा एकत्र केल्या गेल्या. प्रयोगशाळेतील किट हाती असेल तर हे प्रत्यक्ष पाहता येते. ८०८५ ची ३० क्रमांकाची पिन ‘एएलई’ ही आहे. तिची तार बोटाने धरून गेल्यास ती सहसा ७४एलएस३७३ सारख्या लॅचपाशी पोहोचते. त्या पिनेचा ठोका पडला की लॅच पत्ता धरून ठेवतो आणि तारा डेटासाठी मोकळ्या होतात. विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत हमखास विचारली जाणारी ही रचना १९७१ च्या सोळा पिनांपासून चालत आलेल्या टंचाईवरचाच तोडगा आहे.

४० पिनांच्या चिपांत मात्र गोंधळ होतो, कारण ८०८०, ८०८५, ८०८६, ८०८८, मोटोरोला ६८००, एमओएस टेक्नॉलॉजीची ६५०२ आणि झिलॉग कंपनीचा झेड८० या सर्वांना ४० च पिना आहेत. छपाई पूर्ण गेली असेल, पण चिप बोर्डावर असेल, तर वीजपुरवठ्याच्या पिनांवरून कुळ ठरवावे. चिपची खाच वर धरली की डावीकडची सर्वांत वरची पिन पहिली. तेथून खाली २० पर्यंत यावे आणि उजव्या बाजूने वर ४० पर्यंत जावे. आता बंद असलेल्या बोर्डावर मल्टिमीटरने जमीन, म्हणजे ग्राउंड, कोणत्या पिनेला जोडली आहे ते तपासावे. ग्राउंड २० वर आणि ५ व्होल्ट ४० वर असतील तर ८०८५ संभवतो. ग्राउंड १ आणि २० अशा दोन्हींवर व पुरवठा ४० वर असेल तर ८०८६ किंवा ८०८८. पुरवठा ११ वर आणि ग्राउंड २९ वर असल्यास चिप झेड८० ची. ग्राउंड १ आणि २१ वर, पुरवठा ८ वर असेल तर ती ६८०० किंवा ६५०२.

शेवटच्या दोघांच्या पिना जुळतात हा योगायोग नाही. मोटोरोलातील चक पेडल आणि त्यांचे काही सहकारी ती कंपनी सोडून एमओएस टेक्नॉलॉजीत गेले आणि त्यांनी प्रथम ६५०१ ही चिप बनवली. ती ६८०० च्या सॉकेटमध्ये थेट बसत असे. मोटोरोलाने खटला भरल्यावर ६५०१ मागे घेतली गेली, पण तिची भावंड असलेली ६५०२ राहिली आणि वीजपुरवठ्याच्या पिना त्याच जागी राहिल्या. १९७५ मध्ये ती २५ डॉलरला विकायला ठेवली गेली, तेव्हा ८०८० ची सुटी किंमत ३६० डॉलर अशी जाहीर झालेली होती. हा किमतीतला फरक इतिहासात फार मोठा ठरला. ॲपल १, ॲपल २, कमोडोर पेट आणि बीबीसी मायक्रो हे संगणक त्यामुळे शक्य झाले. १९८४ मध्ये भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत आलेले संगणक बीबीसी मायक्रोच होते. जुन्या शाळेच्या अडगळीत असा संगणक सापडला तर आत ६५०२ च्या कुळातील चिप शोधावी.

४० च्या पुढे मोजणी सोपी होते. मोटोरोलाने १९७९ मध्ये ६८००० ला ६४ पिना दिल्या आणि पत्ता व डेटा एकत्र करण्याचे टाळले. इतकी लांब चिप एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. चौकोनी ६८ पिना म्हणजे बहुधा ८०२८६, तळाला जाळीसारख्या १३२ पिना म्हणजे ३८६ डीएक्स, १६८ म्हणजे ४८६ आणि २७३ म्हणजे ६० किंवा ६६ मेगाहर्ट्झचा पहिला पेंटियम. पिनांऐवजी काळी पेटी आणि कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ दिसली तर तो १९९७ नंतरचा पेंटियम २ किंवा त्याच्या आसपासचा. कॅश मेमरीच्या, म्हणजे वारंवार लागणारा डेटा जवळ ठेवणाऱ्या वेगवान मेमरीच्या, वेगळ्या चिपा प्रोसेसरशेजारी एकाच पट्टीवर बसवण्यासाठी ती पेटी केली होती आणि कॅश सिलिकॉनच्या आत गेल्यावर तिची गरज संपली. तळाला पिनाच नसून केवळ सपाट सोनेरी ठिपके असतील, तर डेस्कटॉपच्या इंटेल चिपांपुरते २००४ किंवा त्यानंतरचे साल धरावे. त्या वर्षी पिना चिपवरून सॉकेटमध्ये गेल्या.

नाव वाचणे : आधीचे अक्षर, मधला आकडा, पुढची शेपटी

समजा, चिपवर ‘पी ८०८५ एएच-२’ असे आहे. इंटेलच्या त्या काळच्या पद्धतीत पहिले अक्षर आवरणाचे असते: पी म्हणजे प्लॅस्टिक, डी म्हणजे दोन सिरॅमिक पट्ट्या काचेने सांधलेले करडे आवरण, सी म्हणजे सोनेरी झाकणाचे सिरॅमिक. मधला आकडा मूळ आराखड्याचा. एच हे अक्षर ट्रान्झिस्टर बनवण्याची सुधारित प्रक्रिया दाखवते. त्याच आकड्याच्या मध्ये सी आले, उदाहरणार्थ ८०सी८५, तर ती चिप कमी वीज घेणाऱ्या सीमॉस प्रक्रियेची आहे.

शेपटीतील आकडा वाचताना फार सांभाळावे लागते, कारण त्याचा अर्थ काळानुसार बदलला. ८०८५ ए हा ३ मेगाहर्ट्झचा, ‘-२’ असलेला ५ चा आणि ‘-१’ असलेला ६ चा. तसेच साधा ८०८६ हा ५ मेगाहर्ट्झचा, ८०८६-२ हा ८ चा आणि ८०८६-१ हा १० चा. म्हणजे येथे लहान आकडा अधिक वेगाचा, आणि आकडाच नसेल तर सर्वांत हळू. झिलॉगने अक्षरे वापरली: साधा झेड८० अडीच मेगाहर्ट्झचा, ए चार, बी सहा, एच आठ. ८०२८६ पासून मात्र शेपटीत सरळ मेगाहर्ट्झच छापू लागले, त्यामुळे ८०२८६-१२ म्हणजे १२ मेगाहर्ट्झ. दोन्ही पद्धतींत चिप वेगळी बनवलेली नसते. एकाच चकतीवरील चिपा तपासून जी ज्या वेगाला टिकली तिच्यावर तो आकडा छापला जाई.

मधल्या आकड्यामागे एक वारसा दडलेला आहे. ८००८ मधील ए, बी, सी, डी, ई, एच, एल हे रजिस्टर, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा, ८०८० मध्ये आले, तेथून ८०८५ आणि झेड८० मध्ये. स्टीफन मोर्स यांनी ८०८६ ची रचना करताना जुन्या ८०८० चे प्रोग्राम यांत्रिक पद्धतीने नव्या चिपच्या भाषेत उतरवता यावेत, ही काळजी घेतली. त्याचा पुरावा फ्लॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, आहे. ८०८५ च्या किटवर कॅरी शून्याव्या बिटावर, पॅरिटी दुसऱ्या, ऑक्झिलरी कॅरी चौथ्या, झिरो सहाव्या आणि साइन सातव्या बिटावर असते, हे पदविकेच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. आज इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे पाचही फ्लॅग त्याच बिटांवर आहेत. महाविद्यालयांनी ८०८५ इतकी वर्षे शिकवला म्हणून नावे ठेवणारे ही गोष्ट विसरतात, असे मला मनापासून वाटते.

साल ओळखणे, आणि येथे होणारी सर्वांत मोठी गल्लत

विक्रीच्या जाहिरातींत ‘१९७८ चा दुर्मिळ ८०८६’ असे वर्णन आढळते. छायाचित्र पाहावे तर वर्तुळातील इंग्रजी सी अक्षर, त्यापुढे इंटेल आणि १९७८ असे छापलेले असते. हे वर्ष निर्मितीचे नसून स्वामित्वहक्काचे आहे. आराखडा १९७८ चा असल्यामुळे १९८८ मध्ये बनलेल्या चिपवरही तेच वर्ष येते.

निर्मितीचे वर्ष वेगळ्या ओळीत शोधावे. एएमडी आणि इतर अनेक उत्पादकांच्या चिपांवर चार आकड्यांचा गट असतो: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८६२३ म्हणजे १९८६ चा २३ वा आठवडा. शेवटचे दोन आकडे ५३ पेक्षा मोठे असतील तर तो गट तारखेचा नाही, दुसरा शोधावा. इंटेलच्या चिपांवर बहुधा एक लांब क्रमांक असतो, त्यातील पहिले अक्षर कारखान्याचे, दुसरा आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन आठवड्याचे. ‘एल ४२३…’ असे असेल तर वर्ष ४ ने संपणारे आणि आठवडा २३ वा. ते १९८४ की १९९४, हे क्रमांक सांगत नाही. चिप पेंटियम असेल तर १९९४ उघड आहे, ८०८८ असेल तर आवरण आणि स्वामित्वहक्काचे वर्ष पाहून ठरवावे लागते.

स्वामित्वहक्काची ती ओळ अनेकांना निरर्थक वाटते, परंतु तिच्या अभावी इंटेलला एक हक्क गमवावा लागला. एनईसी या जपानी कंपनीने १९८४ मध्ये व्ही२० ही चिप आणली. ती ८०८८ च्या सॉकेटमध्ये तशीच बसे आणि अधिक वेगाने चाले. चिपच्या पोटातील मायक्रोकोड, म्हणजे प्रत्येक आदेश कसा पार पाडायचा हे सांगणारा अंतर्गत प्रोग्राम, आमचा आहे, असा इंटेलचा दावा होता. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९८९ मध्ये मायक्रोकोडवर स्वामित्वहक्क सांगता येतो हे मान्य केले. मात्र परवाना घेतलेल्या उत्पादकांनी विकलेल्या पुष्कळ चिपांवर ती सूचनेची ओळ छापलेली नव्हती, म्हणून इंटेलचा या मायक्रोकोडवरील हक्क गेला असा निर्णय दिला. नकलेचा आरोपही न्यायालयाने फेटाळला. जुन्या ८०८६ किंवा ८०८८ वर ही ओळ आहे की नाही, हे म्हणूनच नोंदवून ठेवावे.

उत्पादक एक, आराखडा दुसऱ्याचा

एएमडीचे चिन्ह असलेल्या ८०२८६ वर खाली इंटेल आणि १९८२ हा मजकूर दिसला तर ती अस्सल परवानाधारक चिप आहे. त्या काळी मोठा ग्राहक एकाच पुरवठादारावर विसंबून राहत नसे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी आयबीएमने ८०८८ निवडला. बाहेरचा डेटामार्ग आठ बिटांचा असल्याने स्वस्त जुळणी शक्य होती, हे त्या निवडीचे एक कारण. पण हीच चिप दुसऱ्या उत्पादकाकडूनही मिळावी असा आयबीएमचा आग्रह असल्याने १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. हॅरिस, सीमेन्स, फुजित्सु यांची नावेही इंटेलच्या आराखड्याच्या चिपांवर सापडतात. रशियन लिपीत ‘केआर५८०व्हीएम८०ए’ असे लिहिलेली ४० पिनांची चिप मात्र परवान्याशिवाय केलेली ८०८० ची सोव्हिएत प्रतिकृती आहे.

ऑक्टोबर १९८५ मध्ये आलेल्या ३८६ पासून इंटेलने हा आराखडा दुसऱ्याला देण्याचे थांबवले. एएमडीला न्यायालयीन लढाई करत स्वतःचा एएम३८६ आणण्यास १९९१ साल उजाडले. त्यांचा ४० मेगाहर्ट्झचा नमुना इंटेलच्या ३३ पेक्षा वेगवान होता. ३८६ हा आकडा कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, असे न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले. म्हणून मार्च १९९३ मधील पुढच्या चिपवर ५८६ ऐवजी पेंटियम हे नाव छापले गेले. या ३१ लाख ट्रान्झिस्टरांच्या चिपच्या विकासात अग्रभागी असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा.

एआरएमच्या बाबतीत उत्पादकाचे नाव वेगळ्या अर्थाने फसवे आहे, कारण एआरएम ही कंपनी मुळात आराखडे विकण्यासाठी उभी राहिली. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला एआरएम एप्रिल १९८५ मध्ये चालू झाला, तो घडवला होता व्हीएलएसआय टेक्नॉलॉजीने. त्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. सहा महिन्यांनी आलेल्या ३८६ मध्ये २,७५,०००. आज बहुतेक सर्व मोबाइलमध्ये त्या लहान चिपचे वंशज आहेत. चौकोनी सिरॅमिक चिपवर ‘आयएमएस टी८००’ दिसल्यास ती ब्रिटनच्या इनमॉसची ट्रान्सप्युटर चिप समजावी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक अशाच चिपा एकमेकींना जोडून उभारला.

दोष सांगणाऱ्या खुणा

पहिल्या काही ३८६ चिपांत ३२ बिटांचा गुणाकार कधीकधी चुकत असे. इंटेलने साठ्यातील चिपा तपासल्या; उत्तीर्ण झालेल्यांवर शेजारी शेजारी दोन ग्रीक सिग्मा छापले आणि उरलेल्यांवर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापून त्या विकल्या. यांतली कोणतीही खूण असलेली ३८६ सापडली तर ती जपून ठेवावी. फार थोड्या वस्तूंवर त्यांच्या घडणीतील अडचण इतक्या स्पष्टपणे लिहिलेली असते.

पेंटियमचा भागाकारातील दोष चिपवर छापलेला नाही, पण संगणक चालू होत असेल तर स्वतः तपासता येतो. जुन्या स्प्रेडशीटमध्ये ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागावे, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणावे आणि तो गुणाकार ४१९५८३५ मधून वजा करावा. निर्दोष चिपवर उत्तर शून्य येते, सदोष चिपवर २५६. भागाकारासाठी चिपमध्ये ठेवलेल्या १,०६६ नोंदींच्या कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना ही चूक पकडली आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये इतरांना कळवली. डिसेंबरमध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार हिशेबात धरला. इंटेलच्या चिपांवर एस ने सुरू होणारा चार-पाच अक्षरांचा जो संकेत असतो, तो नेमकी आवृत्ती सांगतो. त्या संकेतावरून सदोष आवृत्ती वेगळी काढता येते, म्हणून तो नेहमी टिपून घ्यावा.

वेगाचे आकडे आणि खोटी छपाई

४८६ डीएक्स२-६६ ही चिप आतून ६६ मेगाहर्ट्झने आणि बाहेर मदरबोर्डशी ३३ ने बोलते. डीएक्स४-१०० मध्ये मात्र नावात ४ असूनही गुणक, म्हणजे आतला वेग बाहेरच्या वेगाच्या किती पट ते, ३ च आहे. सायरिक्सच्या ६एक्स८६ पी१६६+ चा खरा वेग १३३ मेगाहर्ट्झ आणि एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी १८००+ चा १,५३३. प्रत्येक ठोक्याला आमची चिप अधिक काम करते, असे सांगण्यासाठी हे तुलनात्मक आकडे काढले गेले होते आणि ते सांगणे निराधार नव्हते. उष्णतेपुढे इलाज न चालल्याने इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि त्याच वर्षी नावातून मेगाहर्ट्झ काढून मॉडेल क्रमांक दिले. ६४ बिटांच्या बाबतीत तर जुना क्रम उलटला: एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉनमधून आणलेली आदेशरचना पुढच्या वर्षी इंटेलने स्वीकारली.

वेगाचा आकडा किमतीशी बांधलेला असल्याने १९९०च्या दशकात हळू चिपांवरील छपाई पुसून वरचा वेग छापण्याचे प्रकार झाले. आजही जुन्या चिपा घासून, काळा लेप देऊन नव्याने छापल्या जातात. प्लॅस्टिक चिपच्या पहिल्या पिनेजवळचा गोल खळगा भिंगातून पाहावा. त्याचा तळ गुळगुळीत आणि कडा स्पष्ट असावी, लेपाने तो अर्धवट भरलेला दिसला तर संशय घ्यावा. एका कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा हलकेच फिरवून काळा रंग उतरतो का पाहता येते, परंतु त्याने अस्सल शाईसुद्धा जाऊ शकते, म्हणून अक्षरांना स्पर्श होऊ देऊ नये. तारीख आराखड्याच्या जन्मापूर्वीची निघाली तर पुढे तपासण्याची गरज नाही.

चालू संगणकात छपाईपेक्षा चिपलाच विचारणे उत्तम. ४८६ च्या उत्तरार्धापासून आणि पेंटियमपासून ‘सीपीयूआयडी’ हा आदेश उपलब्ध आहे. तो उत्पादकाचे नाव, कुल, मॉडेल आणि आवृत्ती सांगतो. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की ही माहिती पडद्यावर येते. मोबाइलच्या बाबतीत तर हाच मार्ग खात्रीचा, कारण तेथे अनेकदा मेमरी चिप प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेली असते आणि उघडल्यावर दिसणारी छपाई मेमरीची असते.

नोंद आणि जतन

नोंदीत पिनांची संख्या, प्रत्येक ओळीतील अक्षरे जशीच्या तशी, मागील बाजूचा मजकूर, चिप ज्या बोर्डातून निघाली त्याचे नाव आणि बोर्डावरील इतर चिपांच्या तारखा लिहाव्यात. आजूबाजूच्या दहा चिपा १९८७ च्या आणि प्रोसेसर १९९० चा असेल तर तो मागाहून बदललेला आहे, आणि हे फक्त बोर्ड समोर असतानाच कळते. पिनांची चिप काळ्या विद्युतवाहक फोममध्ये टोचून ठेवावी. थर्मोकोलमध्ये ती कधीही टोचू नये, कारण त्यावर स्थितिक विद्युत सहज साठते आणि ४००४ च्या काळातील चिपा तिच्यापुढे फार नाजूक आहेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पिना काळ्या पडतात, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून झाकण घट्ट लावावे आणि पुडी दर पावसाळ्यानंतर बदलावी.